हिमालयनचे मागचे ब्रेकपॅड : कंपनीचे घ्यावेत की सिंटर्ड?

आधी निकाल सांगतो, म्हणजे घाईतल्या माणसाला पुढचं वाचायची गरज नाही. रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ च्या मागच्या चाकाला कंपनीचेच पॅड घाला. सिंटर्ड पॅडची हौस असेल तर ती पुढच्या चाकावर भागवा. आणि यातले कुठलेही घातले तरी कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) स्लाइड पिना, म्हणजे तो ज्यांवरून सरकतो त्या पिना, साफ केल्या नसतील, तर पैसे पाण्यात गेले असं समजा. मी पॅडचा रिव्ह्यू लिहायला बसलोय खरा, पण निम्मं लिहिणं त्या दोन पिनांवरच होणार आहे.

मी कोण, ते सांगायला हवं. एसटीच्या वर्कशॉपातून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालो, सातारा विभाग. आयुष्यभर हाताखालून गेले ते ड्रम ब्रेक. शूवर रिबिट मारून बसवलेले लायनर, म्हणजे घर्षणाचे पट्टे, एस-कॅम, स्लॅक ॲडजस्टर, हवेच्या टाक्या. डिस्क ब्रेकशी ओळख झाली ती लेकीच्या गाडीमुळे. ती पुण्यात नोकरीला आहे, गाडी बीएस-सिक्स (प्रदूषणाच्या नव्या नियमांतली) हिमालयन, आणि सासर पोलादपूरच्या बाजूला. सासरी जाताना गाडी ती चालवते, जावईबापू मागे बसतात, दोन्ही बाजूंना पेट्या. वाटेत आमच्याकडे साताऱ्याला मुक्काम. मग माझ्या अंगणात गाडी डबल स्टँडवर लागते आणि मी चष्मा लावून तिच्याभोवती फिरतो. तिला ते आवडत नाही, पण ती बोलत नाही.

या खेपेला तिनेच विषय काढला. "अप्पा, मागचा ब्रेक खरखरतोय. पॅड तर महागातले टाकलेत."

महागातले म्हणजे सिंटर्ड. ग्रुपमधल्या कुणीतरी सांगितलं म्हणून तिने मागे ऑनलाइन मागवले होते. कंपनीच्या पॅडच्या तिपटीहून जास्त किंमत. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण पुढे दिसेल तसं त्या पॅडचा फारसा दोष नाही.

ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्रेकपॅड म्हणजे लोखंडी पत्र्यावर चिकटवलेला घर्षणाचा थर. ऑर्गॅनिक पॅडमध्ये हा थर तंतू, भुकटी आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन यांचा असतो. सिंटर्डमध्ये धातूची भुकटी दाबून, तापवून एकजीव केलेली असते. बोटाने घासून पाहिलं तरी फरक कळतो. ऑर्गॅनिक काळपट आणि थोडा मऊ लागतो, सिंटर्ड तांबूस, कणीदार आणि थंड. पॅडच्या पाठीवर बऱ्याचदा दोन इंग्रजी अक्षरं ठोकलेली असतात, ती वाचायची सवय लावा. पहिलं अक्षर साधारण तापमानातल्या घर्षणाचं, दुसरं तापलेल्या अवस्थेतलं. एफ म्हणजे घर्षणांक ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५, एच म्हणजे त्याच्याही वर. लेकीच्या पॅडवर एचएच होतं. म्हणजे गार असो की गरम, पकड जोरदार. कागदावर यात खोट काढायला जागा नाही.

पण ही पकड मागच्या चाकाला हवी कशाला? गाडीला जोरात ब्रेक लावला की वजन पुढे झुकतं, मागचं चाक हलकं होतं आणि रस्ता सोडायला बघतं. थांबवण्याचं निम्म्याहून बरंच जास्त काम पुढचं चाक करतं, म्हणून तर हिमालयनला पुढे ३०० मिलिमीटरची डिस्क आणि मागे २४० ची. हलक्या झालेल्या चाकावर झटकन धरणारा ब्रेक लावला तर ते लॉक होणार किंवा एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सतत खडखडत राहणार. बीएस-सिक्स हिमालयनला मागचं एबीएस बंद करायचं बटण आहे. लेक कच्च्या रस्त्याला ते बंद करते. तेव्हा तर मागच्या पेडलला पायाचं ऐकणारा, हळूहळू चढत जाणारा ब्रेक हवा. एकदम चावणारा नको.

यावर तिचं म्हणणं असं, की घाटात मागचा ब्रेक लागतोच, आणि सिंटर्ड तापून ढिला पडत नाही. म्हणणं खरं आहे. म्हणून मी तिला हिशेबच मांडून दिला.

महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास उंचीवर, आणि पोलादपूर अगदी तळाला. मधे चाळीसेक किलोमीटरचा रस्ता, आंबेनळी घाट, वाडा कुंभरोशीला प्रतापगडाचा फाटा. गाडीचं वजन १९९ किलो. दोन माणसं आणि पेट्या धरून साडेतीनशे समजा. एवढं वजन बाराशे मीटर खाली आणायचं म्हणजे साधारण ४१ लाख जूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. हीच गाडी ताशी ६० च्या वेगावरून पूर्ण थांबवायला सुमारे ४९ हजार जूल लागतात. म्हणजे एकदा घाट उतरलात की साठवरून ऐंशीहून जास्त वेळा थांबण्याइतकं काम झालं. वारा आणि टायर खातात ते सोडून यातला मोठा वाटा इंजिनाने उचलायचा असतो. ज्या गिअरवर चढलात त्याच गिअरवर उतरा, हे आमच्याकडे नव्या ड्रायव्हरला पहिल्या दिवशी सांगत. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारे महाभाग मी रोज बघतो. त्यांच्या गाडीत इंजिनाचा वाटाही दोन डिस्कवर आणि चार पॅडवर पडतो, आणि मागचे दोन पॅड तर तळहातावर मावतात.

आता ही उष्णता जाते कुठे, ते बघा. इथेच सिंटर्डची दुसरी बाजू आहे. पॅड धातूचा, म्हणून स्वतः उष्णता सोसतो, पण तीच उष्णता पाठीमागच्या पिस्टनला आणि ऑइलला पोचवतोही लवकर. ऑर्गॅनिक पॅड जास्त तापला की रेझिनमधून वायू सुटतो आणि पकड सुटायला लागते. पेडल घट्ट लागतं, पण गाडी थांबत नाही. ब्रेक ऑइल उकळलं तर त्याची तऱ्हा वेगळी. ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दबतात, आणि पेडल लोण्यासारखं खाली जातं. पहिल्या प्रकारात गाडी थांबवून गार होऊ दिली की काम भागतं. दुसरा प्रकार उतारावर झाला तर पुढचा ब्रेक आणि गिअर यांच्यावरच सगळी भिस्त. डॉट-४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना २३० अंशांपर्यंत उकळू नये असं मानक आहे. पाणी शोषलं की ही मर्यादा १५५ वर येते. आणि ऑइल पाणी शोषतंच, तो त्याचा स्वभाव आहे. महाबळेश्वरचा पावसाळा काढलेली, ऑइल कधी बदललंय ते कुणाला आठवत नाही अशी गाडी, तिला वर सिंटर्ड पॅड, हे जोडकाम मला पसंत नाही. त्यापेक्षा पॅडचे उरलेले पैसे दर दोन वर्षांनी ऑइल बदलण्यात घाला.

बरं, आता प्रत्यक्ष काम.

कॅलिपर बायब्रेचा आहे. ब्रेम्बोचा लहान गाड्यांसाठीचा ब्रँड, कारखाना आपल्या चाकणलाच. एका पिस्टनचा, तरंगता. याची रचना डोक्यात बसली की पुढचं सगळं सोपं होतं. पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आपल्या बाजूच्या पॅडला (त्याला आतला म्हणू, पलीकडच्याला बाहेरचा) डिस्कवर दाबतो. त्याची उलटी ढकल कॅलिपरच्या अंगाला बसते, अंग दोन पिनांवरून सरकतं आणि बाहेरच्या पॅडला आपल्याकडे ओढून डिस्कवर टेकवतं. म्हणजे अर्धा ब्रेक पिस्टन लावतो आणि अर्धा ब्रेक त्या पिना लावतात. पिना जाम झाल्या की एकटा आतला पॅड घासत राहतो. ब्रेक सोडला तरी अंग पूर्ण मागे येत नाही, पॅड डिस्कला लागूनच राहतो. चाक जड फिरतं, डिस्क विनाकारण तापते, ॲव्हरेज पडतं, आणि गाडीवाला म्हणतो पॅड भिकार आहे.

पॅड अडकवून ठेवणारी पिन वेगळी, ती सैल करायची कॅलिपर जागेवर असतानाच. कॅलिपर मोकळा करून हातात धरलात की पिनेला जोर लावायला आधार उरत नाही, ॲलन कीचं तोंड झिजतं, आणि मग गॅरेज. माझ्याकडे लेथवाल्या मित्राकडून घडवून घेतलेल्या ॲलन की आहेत, पण चांगल्या कंपनीचा बाजारी सेटही चालतो. रस्त्यावर मिळणारा स्वस्त सेट मात्र याच कामाला वापरू नका. त्याचे कोपरे गोल असतात आणि ते तुमच्या पिनेलाही गोल करतात.

पॅड बाहेर आले. बाहेरच्या पॅडवर निम्म्याहून जास्त मटेरियल शिल्लक. आतला जवळजवळ पत्र्याला टेकलेला, तोही एका बाजूने जास्त, पाचरीसारखा उतरता. खरखर त्याचीच होती. लेक म्हणाली, "बघा, तीनपट पैसे घेऊन हे असं."

मी कॅलिपरचं अंग बोटाने सरकवून पाहिलं. हललंच नाही. अंगठ्याने जोर लावला तेव्हा कुरकुरत थोडं सरकलं. हा सगळा रिव्ह्यू या एका तपासणीवर उभा आहे. ती करायला पैसे पडत नाहीत आणि पाना लागत नाही. पॅड काढल्यावर कॅलिपर एका बोटाने, आवाज न करता मागेपुढे गेला पाहिजे. नसेल जात, तर नवे पॅड डबीतून बाहेर काढूच नका.

पिना ओढून काढल्या. एक कोरडी, तपकिरी गंज चढलेली. दुसरीवर पिवळं ग्रीस, चिकट झालेलं, आणि तिचा रबरी बूट फुगून सैल पडलेला. चाकाच्या बेअरिंगला लावायचं साधं ग्रीस कुणीतरी इथे भरलं होतं. कुठल्या गॅरेजात ते लिहीत नाही. त्या पोराने काम टाळलं नव्हतं, उलट ग्रीस भरलं होतं, फक्त चुकीचं. खनिज तेलाच्या ग्रीसने हे रबर फुगतं. इथे सिलिकॉनचं ग्रीस लागतं. छोट्या ट्यूबमध्ये मिळतं आणि घरच्या गाडीला ती ट्यूब संपता संपत नाही.

पिना ब्रेक क्लीनरने धुतल्या, गंज बारीक पॉलिश पेपरने नुसता पुसून घेतला. खरवडून पिन बारीक करायची नाही. भोकंही आतून कापडाने पुसली. बूट नवा घातला, तो दुकानात सुटा मिळाला. ग्रीस पातळ थराचं. भोक ठासून भरलंत तर आत हवा कोंडते आणि पिन परत बाहेर ढकलली जाते. मग बोटाने सरकवलं. गेलं. लेकीलाही सरकवायला लावलं, कारण पुढच्या वेळी हे तिनेच करायचं आहे.

पिस्टनची गोष्ट सगळ्या व्हिडिओंमध्ये सांगतात, पण अर्धीच. जाडजूड नवे पॅड बसायला पिस्टन आत ढकलावा लागतो, इथपर्यंत ठीक. पण बाहेर आलेल्या पिस्टनच्या कडेला पॅडची भुकटी, चिखल, मीठ-गंज असं सगळं बसलेलं असतं. तसाच ढकललात तर ती घाण सीलमधून आत जाते. म्हणून ढकलायच्या आधी पेडल अगदी हलकं दाबून पिस्टन किंचित पुढे आणायचा, जुन्या टूथब्रशने गोल फिरवून धुवायचा, पुसायचा, मगच आत.

"अप्पा, पिस्टन बाहेरच पडला तर?"

"पडेल की. म्हणून मधे जुना पॅड धर आणि पेडल एकदाच दाब. हळू."

ऑइलच्या डबीचं झाकण उघडून ठेवायचं, कारण पिस्टन मागे जाताना ऑइल वर चढतं. कुणी मधे ऑइलची भर घातली असेल तर डबी भरून वाहील. वाहिलंच तर लगेच भरपूर पाणी ओता. ब्रेक ऑइल रंग खातं. ढकलायला मी सी-क्लँप आणि जुना पॅड वापरतो. जाड स्क्रू-ड्रायव्हर डिस्कला टेकवून ढकलणारे बघितले की माझ्या पोटात गोळा येतो. डिस्कवर ओरखडा गेला की तो कायमचा.

डिस्कही मोजून घ्या. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. इथे व्हर्निअर (जबड्यांत धरून जाडी मोजायचं साधन) फसवतो. पॅड जिथे घासत नाही तिथे कडेला एक उंच काठ उरलेला असतो, व्हर्निअरचे जबडे त्या काठावर टेकतात आणि डिस्क आहे त्यापेक्षा जाड दाखवतात. मायक्रोमीटर घ्या, किंवा काठाच्या आत दोन्ही बाजूंना एकएक नाणं धरून मोजा आणि नाण्यांची जाडी वजा करा. लेकीची डिस्क मर्यादेच्या वर भरली, पण काठ बोटाला स्पष्ट लागत होता. या वयाच्या गाडीला एवढा काठ मला जास्त वाटला. सिंटर्ड पॅड डिस्क लवकर खातात हे सगळेच सांगतात. इथे जाम पिनांचाही हात आहे, त्यामुळे सगळा आळ पॅडवर घालणार नाही. तरीही झिजायचंच असेल तर पॅडने झिजावं. डिस्कची किंमत पॅडच्या कितीतरी पट आहे.

कंपनीचे पॅड मी साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका दुकानातून घेतले. दुकानाचं कौतुक करायला हवं. काउंटरवरच्या पोराने "हिमालयन" म्हटल्याबरोबर पाकीट पुढे सरकवलं नाही. आधी विचारलं, बीएस-फोर का सिक्स, एबीएसवाली का बिनाची. मी जुना पॅड खिशातून काढला तर त्याने पाकीट फोडून शेजारी ठेवून दाखवला. पत्र्याचा आकार, पिनेच्या भोकाची जागा, दोन्ही जुळतात का ते बघून घ्या म्हणाला. असं दुकान जवळ असेल तर ऑनलाइनच्या नादाला लागू नका. डुप्लिकेट माल पाकिटाने ओळखू येत नाही. पॅडच्या थराची कड पत्र्याशी नीट एकजीव आहे की गोंदाचे थेंब दिसतात, यावरून थोडाफार ओळखू येतो.

हे पॅड माझ्या बोटांना ऑर्गॅनिक जातीचे लागतात. आपापल्या जागी एकाच दाबात बसले, कानस लावावी लागली नाही. बाहेरून आणलेल्या लायनरच्या कडा घासून बसवायची वेळ माझ्यावर पुष्कळदा आली आहे, म्हणून हे नोंदवतो. स्प्रिंगचा पत्रा आणि पाठीमागची पातळ शिम जुनी काढून फेकू नका. शिम विसरलात की चिमणीसारखा चिवचिवाट सुरू होतो आणि मग परत पॅडला शिव्या. बोल्ट टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळले. पॅडला, डिस्कला ग्रीसचा हात लागू द्यायचा नाही, ही गोष्ट सांगायची गरज नसावी, पण लेकीने ग्रीसच्या हाताने डिस्क धरली म्हणून सांगतो. ब्रेक क्लीनर तिथेच कामाला आला. पेट्रोल, डिझेल किंवा डब्ल्यूडी-४० ही त्याची बदली होऊ शकत नाही. ती तेलकट चीज आहे.

सगळं झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल दाबत राहा. पहिल्या काही दाबांना ते तळाला जातं, कारण पिस्टन आपण आत ढकललेला असतो. पॅड डिस्कला भिडले की पेडल वर येतं. बसमध्ये हवेच्या टाकीचा काटा वर येईपर्यंत गाडी जागची हलवायची नाही हा जसा नियम, तसाच हा. घरी पॅड बदलणाऱ्यांचे फाटकावर आदळण्याचे किस्से सगळे या एका विस्मरणाचे असतात.

मग बसणूक. महामार्गाच्या सर्व्हिस रोडला, मागे कुणी नाही असं बघून, पन्नासवरून दहापर्यंत मागच्याच ब्रेकने वेग उतरवायचा, पुन्हा चढवायचा, असं आठ-दहा वेळा. पूर्ण थांबून पेडल दाबून धरायचं नाही. याने पॅडचा एक पातळ सारखा थर डिस्कवर चढतो, आणि खरी पकड त्या थराची असते. आधी सिंटर्ड पॅड चालले असतील तर त्यांचा थर डिस्कवरून काढायला बारीक पॉलिश पेपर गोल-गोल हाताने फिरवून मग क्लीनरने पुसा. तसं न केल्यास नव्या पॅडला बसायला फार वेळ लागतो. यातली थोडी धूळ नाकात जातेच, म्हणून तोंडाला फडकं बांधा, आणि कॅलिपरमधली भुकटी फुंकून उडवू नका. आमच्या काळात लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि आम्ही हवेच्या नळीने ती उडवायचो. त्यावर जास्त लिहीत नाही.

चालवून कसे वाटले? पहिल्या दिवशी लेकीची तक्रार होती की मऊ लागतात. सिंटर्डची सवय असली की तसं वाटणारच. मी मागे बसून यवतेश्वरच्या घाटात वर-खाली करून आलो. पेडल जितकं दाबावं तितकं चाक धरतं, एबीएस विनाकारण मधे येत नाही, आवाज शून्य. उतरल्यावर डिस्कजवळ हात नेऊन पाहिला. ऊब होती, भाजेल अशी नव्हती. हा फरक पॅडपेक्षा पिनांचा जास्त, हे पुन्हा सांगतो. नंतर ती पोलादपूरला जाऊन आली, पेट्या आणि जावई यांच्यासकट. फोनवर म्हणाली, घाट तिसऱ्या-दुसऱ्या गिअरवर उतरवला, पेडल शेवटपर्यंत तसंच राहिलं. मला एवढंच ऐकायचं होतं.

उणी बाजूही लिहितो. पावसात भिजलेल्या डिस्कवर हे पॅड पहिल्या क्षणी सिंटर्डइतके धरत नाहीत. पाऊस असला की वळणाच्या थोडं आधीच पेडलला हलका स्पर्श करून डिस्क पुसून घ्यायची, मग ठीक चालतात. काळी भुकटी जास्त पडते, रिम पुसावा लागतो. सिंटर्डपेक्षा लवकर संपतील हे उघड आहे. ज्याची गाडी बाराही महिने चिखलात, नदी-ओढ्यात फिरते, त्याने सिंटर्ड घातले तर मी हरकत घेणार नाही. चिखलाची वाळू ऑर्गॅनिक पॅड भराभर खाते. लडाखला निघालेल्यांनी तर पॅडच्या जातीपेक्षा जादा सेट बरोबर नेण्याचा विचार आधी करावा, पॅडला जागा कितीशी लागते.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्याच पाकिटावर लिहिलेली नसते. चेन स्प्रे. चेन डावीकडे, डिस्क उजवीकडे, म्हणून लोक निर्धास्त चाक फिरवत फवारतात. तो फवारा आऱ्यांमधून पलीकडे जातो आणि डिस्कवर बसतो. तेल प्यायलेला पॅड वाचत नाही, भाजा नाहीतर घासा. चेनच्या मागे पुठ्ठा धरा. शिवाय पाय पेडलवर टेकवून गाडी चालवायची सवय असेल तर कुठलाच पॅड टिकणार नाही. लेकीच्या बुटाचा ठसा पेडलवर दिसतो, पण तिला हे सांगायची जबाबदारी मी जावईबापूंवर टाकली आहे.

हे काम घरी कुणी करू नये? ज्याच्या पॅडची पिन आधीच कुणीतरी गोल करून ठेवली आहे त्याने. ज्याच्या पिस्टनच्या कडेला ऑइलचा ओलावा दिसतो त्याने, कारण मग सील बदलायचं काम निघतं, आणि ते झाल्यावर ऑइलमधली हवा काढावी लागते. एबीएसच्या गाडीत ते सवयीच्या हातानेच व्हावं. बाकी ज्याला पाना सरळ धरता येतो, आणि जो मॅन्युअल उघडून बघायला लाजत नाही, त्याने एक दुपार काढावी. गॅरेजात हेच काम पंधरा मिनिटांत करून देतात. त्या पंधरा मिनिटांत पिना निघत नाहीत, एवढाच माझा आक्षेप.

गुण द्यायचे तर कंपनीच्या पॅडला पाचपैकी चार. एक गुण पावसासाठी कापला. सिंटर्डला मागच्या चाकावर अडीच, पुढच्या चाकावर साडेचार. सिलिकॉन ग्रीसच्या ट्यूबला पाच. पुढच्या पावसाळ्याआधी ऑइल बदलायचं ठरलंय, डॉट-४ चं सीलबंद बाटलीतलं. अर्धी उघडी बाटली कुणी फुकट दिली तरी घेऊ नका, तिने झाकणाखालून पाणी प्यायलेलं असतं.